अडीच मिलिग्रॅम मिडॅझोलाम आणि हात वर करण्याची मुभा

(रुग्णाची परवानगी घेऊन लिहिलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

जूनच्या शेवटच्या आठवड्यात मुंबईत हिंदमाताजवळच्या माझ्या दातांच्या दवाखान्यात काकू पहिल्यांदा आल्या, पण आत आल्या नाहीत. बाहेरच्या बाकावर छत्री मांडीवर घेऊन बसून राहिल्या आणि सुनेला आत पाठवलं. सून म्हणाली, "डॉक्टर, चाळीतून निघताना तयार होत्या. आता घरी चल म्हणतायत. तुम्ही जरा बाहेर येऊन बोलाल का?"

मी अ‍ॅप्रन काढून बाहेर गेले. पहिली वीस मिनिटं आम्ही बाकावरच बोललो.

काकूंचं वय ५४. लालबागला चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही. मधुमेह नऊ वर्षांचा, त्यावर मेटफॉर्मिन. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन. डावीकडच्या खालच्या पहिल्या दाढेचा नुसता बुंधा उरलेला, शेजारी हिरडीवर पुळी आणि तिच्यातून अधूनमधून पू. उजवीकडची तशीच दाढ खोल किडलेली, पण वाचवण्याजोगी. चार वर्षांत दोनदा गाल सुजला होता. दोन्ही वेळा औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणल्या, सूज उतरली आणि विषय मागे पडला. एकदा मुंबई सेंट्रलला नायर दंत महाविद्यालयात केसपेपर काढण्यापर्यंत मजल गेली होती. रांगेत आपला नंबर जवळ आला तशी त्यांनी रांग सोडली.

त्या दिवशी त्यांनी मला फक्त आरसा लावून तोंड पाहू दिलं. खुर्चीत बसल्यावर रक्तदाब १६८/९८ भरला. घरच्या वहीत सकाळचा आकडा १३८/८६ होता. एवढ्या फरकात मला औषधाचा डोस कमी पडलेला दिसला नाही, खुर्ची दिसली.

भीती नेमकी कशाची

आमच्याकडे घाबरणाऱ्या रुग्णाला पाच प्रश्नांची एक प्रश्नावली देतो. उद्या दाताचं काम आहे म्हटल्यावर काय वाटतं, बाहेर बसून वाट पाहताना काय वाटतं, ड्रिल लावायचं म्हटल्यावर, दात साफ करायचे म्हटल्यावर, हिरडीत सुई द्यायची म्हटल्यावर. प्रत्येकाला एक ते पाच गुण, एकूण २५. १९ किंवा त्याहून जास्त आले की भीती टोकाची समजायची. काकूंचे २२ आले.

पण बेरजेपेक्षा मला त्यातला एक आकडा महत्त्वाचा वाटला. सुईच्या प्रश्नाला त्यांनी तीनच गुण दिले होते. ड्रिल, वाट पाहणं आणि 'उद्या काम आहे' या तिन्हींना पाच-पाच. विचारलं तर म्हणाल्या, "सुईचं काय, रोज सकाळी साखर बघायला बोटाला मीच टोचते की."

मग कशाची भीती? हे त्यांनी तिसऱ्या भेटीत सांगितलं. नऊ वर्षांच्या असताना कोकणात गावी त्यांची दाढ काढली होती. सुई दिली, पण दाढ पुरती बधिर झाली नव्हती. "दुखतंय" म्हणून त्या ओरडल्या. दोघांनी हात धरले, तिसरा म्हणाला, "गप्प बस, झालंच." ते झालंच नव्हतं. पंचेचाळीस वर्षं उलटली. शब्द मात्र त्यांनी त्या माणसाच्या आवाजात म्हणून दाखवले.

म्हणजे भीती टोचण्याची नव्हती. दुखतंय म्हणून सांगितलं तरी कुणी थांबणार नाही, याची होती. ही गोष्ट समजून न घेता गुंगी दिली असती तर मी रुग्णाला तेवढ्यापुरतं शांत केलं असतं, आणि 'थांबा' म्हणण्याची उरलीसुरली ताकदही काढून घेतली असती. म्हणून गुंगीचा निर्णय होण्याआधीच आमचं एक ठरलं: डावा हात वर केला की हातातलं हत्यार त्या क्षणी बाजूला. का, कशाला, हे नंतर विचारायचं. रिकाम्या खुर्चीत, काहीही न करता, आम्ही याची तालीमही केली. मी नुसता आरसा तोंडात धरायचा, त्यांनी हात वर करायचा, मी आरसा काढायचा. असं सहा वेळा. सातव्या वेळी त्या हसल्या.

शेजारणीची गोळी

ही तालीम तिसऱ्या भेटीतली. दुसऱ्या भेटीत जे घडलं त्यात माझी चूक आहे, आणि हे प्रकरण लिहायला घेतलं ते मुख्यतः तिच्यासाठी.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात काकू एकट्याच आल्या, ठरल्या वेळेच्या तासभर उशिरा. लालबागहून बसने निघाल्या, बसमध्ये झोप लागली, हिंदमाता मागे गेलं, दादर टीटीही गेलं, माटुंग्याला कंडक्टरने उठवलं. दवाखान्याची पायरी चढताना तोल गेला, रिसेप्शनिस्टने सावरलं. खुर्चीत टेकल्याबरोबर डोळे मिटले. हाक मारली की उत्तर देत होत्या, पण वाक्य संपायच्या आत पुन्हा झापड. ऑक्सिजन ९६, रक्तदाब १२४/७६, साखर १५२.

पर्समध्ये कात्रीने कापलेला पट्टीचा तुकडा सापडला: अल्प्राझोलाम, ०.५ मिलिग्रॅम. शेजारणीला झोपेसाठी मिळतात, त्यातली एक तिने "भीती जाईल" म्हणून दिली. काकूंनी ती साडेआठला घेतली होती.

या अवस्थेत त्या मला म्हणाल्या, "आता काही वाटत नाही डॉक्टर, आजच काढून टाका. कुठे सही करायची?" खरं सांगते, क्षणभर मोह झाला. दोन भेटींत पहिल्यांदा त्या आपणहून तोंड उघडत होत्या. पण औषधाच्या अमलाखाली दिलेली संमती ही संमती नव्हे. दुसरं, ०.५ मिलिग्रॅम अल्प्राझोलामने पहिल्यांदा घेणाऱ्याला पेंग येते, मान्य. एवढी यावी? काहीतरी जुळत नव्हतं.

सुनेला फोन लावला. घरातल्या सगळ्या गोळ्यांचे फोटो मागवले. मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन आणि तिसरं पाकीट: इट्राकोनाझोल कॅप्सूल. कंबरेला आणि जांघेत गजकर्ण झालेलं, पावसाळ्यात मुंबईत घरोघरी होतं तसं. त्यावर त्वचारोगतज्ज्ञांनी महिनाभराचा कोर्स दिलेला.

गाठ इथे सुटली. अल्प्राझोलाम शरीरातून बाहेर काढण्याचं काम यकृतातलं एक एन्झाइम करतं. इट्राकोनाझोल नेमकं त्यालाच अडवतं. मग अर्धा मिलिग्रॅम गोळी अर्ध्या मिलिग्रॅमसारखी वागत नाही. रक्तात जास्त साचते आणि जास्त वेळ रेंगाळते. ही दोन औषधं एकत्र देऊच नयेत असं अल्प्राझोलामच्या माहितीपत्रकात असतं. शेजारणीला ते ठाऊक असायचं कारण नाही. मला ठाऊक होतं, पण मी विचारलं नव्हतं. आमच्या फॉर्मवर 'चालू औषधे' एवढे दोनच शब्द होते, आणि काकूंनी तिथे साखरेची नि प्रेशरची गोळी लिहिली. खाजेचं औषध त्यांच्या लेखी चालू औषध नव्हतं. ते महिन्याभराचं होतं, संपणारं होतं. त्यांच्या जागी मीही तेच लिहिलं असतं. मी तोंडी विचारायला हवं होतं, ते माझ्याकडून राहिलं.

अडीच तास त्यांना दवाखान्यातच ठेवलं, बोटाला ऑक्सिमीटर लावून, कुशीवर झोपवून. मुलगा आल्यावर टॅक्सीने घरी पाठवलं. शेजारणीशीही मी फोनवर बोलले, रागावून नाही. अल्प्राझोलामच्या पट्टीवर लाल चौकटीत सूचना छापलेली असते, हे औषध चिठ्ठीशिवाय विकायचं नसतं, इतकंच सांगितलं. त्या घाबरून म्हणाल्या, "मी तर भल्यासाठी दिली हो." भल्यासाठीच दिली होती, यात मला शंका नाही.

कोणती गुंगी, आणि कोणती का नाही

शब्दांचा घोळ इथे फार होतो, म्हणून आधी तो निस्तरते. लोक 'भूल' म्हणतात ते दोन वेगळ्या गोष्टींना. एक, हिरडीत सुई देऊन जागा बधिर करणं. दुसरी, पूर्ण बेशुद्धी. गुंगी या दोन्हींच्या मधली आहे. रुग्ण शांत असतो, डोळे जड असतात, पण हाक मारली की ओ देतो, सांगितलं की तोंड उघडतो, श्वास स्वतःचा स्वतः घेतो. गुंगीने दुखणं थांबत नाही. दुखणं थांबवते ती सुईच. 'गुंगी दिलीय, आता सुई थोडी कमी चालेल' असा विचार मनात येणाऱ्या दंतवैद्याने काकूंची नवव्या वर्षातली गोष्ट पुन्हा वाचावी.

माझी पहिली पसंती नायट्रस ऑक्साइडला होती. १८४४ साली अमेरिकेत हार्टफर्डला होरेस वेल्स या दंतवैद्याने हाच वायू हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली होती. आज तो ऑक्सिजनमध्ये मिसळून, नाकावरच्या मास्कमधून देतात. सुरुवात निव्वळ ऑक्सिजनने, मग नायट्रसचं प्रमाण हळूहळू वाढवत बहुतेकांना ३० ते ५० टक्क्यांपर्यंत. काम झालं की पुन्हा पाच मिनिटं नुसता ऑक्सिजन. शिरेत सुई नाही, काही मिनिटांत उतरतो, लालबागला तीन मजले चढून जाणाऱ्या बाईला याहून सोयीचं काय असणार?

पण तालमीच्या वेळी काकू सहज बोलल्या की तळपायांना गेले काही महिने मुंग्या येतात, रात्री जास्त. मधुमेहाने येतात, हे खरं. मात्र वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांच्या शरीरात बी-१२ कमी पडतं, आणि त्यानेही अशाच मुंग्या येतात. त्यांच्या फॅमिली डॉक्टरांना सांगून तपासणी केली, तर बी-१२ चांगलंच खाली. नायट्रस ऑक्साइड शरीरातलं बी-१२ निकामी करतो. अर्ध्या तासाच्या एका डोसाने बहुतेकांना काही होत नाही. ज्याच्याकडे आधीच साठा नाही आणि नसांची लक्षणं सुरू आहेत, त्याच्यावर हा प्रयोग मी करणार नाही. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं इतकं सर्रास आहे की सिलिंडर ठेवणाऱ्या प्रत्येक दवाखान्याने हा प्रश्न विचारावा, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. काकू तर मासे खाणाऱ्या, तरी ही गत.

पूर्ण भूल देऊन रुग्णालयात सगळं काम एका दमात उरकणं हा पर्याय मुलाने सुचवला. दोन दाढांसाठी त्याची गरज नव्हती.

गोळीचा पर्याय वाईट नसतो. दंतवैद्याने लिहून दिलेली, आदल्या रात्री किंवा तासभर आधी घेतलेली, बरोबर कुणी असताना. पण गोळीचा डोस पोटात गेला की आपल्या हाती काही राहत नाही. कमी पडला तर वाढवता येत नाही आणि जास्त झाला तर कमी करता येत नाही. जुलैतला प्रसंग डोळ्यांपुढे असताना पहिल्या मोठ्या कामासाठी मला ते नको होतं.

उरलं शिरेतून द्यायचं गुंगीचं औषध, मिडॅझोलाम. थेंबाथेंबाने देता येतं, हवं तिथे थांबता येतं, आणि उलटवणारं औषध, फ्लुमाझेनिल, शेजारी भरून ठेवता येतं. मात्र मिडॅझोलामही त्याच एन्झाइमच्या वाटेने बाहेर पडतं. म्हणून इट्राकोनाझोलचा कोर्स संपू दिला आणि पुढे आणखी दोन आठवडे थांबलो, कारण ते औषध बंद केल्या दिवशीच शरीरातून जात नाही. पुळीतून पूला वाट होती म्हणूनच हे थांबणं परवडलं. तरी सुनेला कागदावर लिहून दिलं: ताप आला, तोंड उघडेनासं झालं, जबड्याखाली सूज आली किंवा गिळायला त्रास होऊ लागला, तर माझ्या फोनची वाट न बघता थेट केईएम.

भूलतज्ज्ञांना मी बोलावलं. त्यांची फी वेगळी पडते, आणि ती ऐकून मुलाचा चेहरा पडला, हे मी पाहिलं. एकच माणूस दाढही काढतोय आणि श्वासावरही लक्ष ठेवतोय, असं मला या रुग्णाच्या बाबतीत करायचं नव्हतं. काकू घोरतात, वय पन्नाशीपुढे, रक्तदाब आहे. झोपेत श्वास अडण्याचा धोका मोजायच्या प्रश्नावलीत त्यांचे तीन गुण झाले, म्हणजे मध्यम धोका. संमतीवर सही आदल्या दिवशी, पूर्ण जागेपणी घेतली.

त्या सकाळी

ऑगस्टचा पहिला आठवडा. मधुमेहामुळे दिवसातलं पहिलं काम त्यांचं. सहा तास जेवण नाही, दोन तास पाणी नाही, सकाळची मेटफॉर्मिन वगळलेली. साखर १३८. मनगटामागे बधिर करणारं मलम घरूनच लावून आल्या होत्या, वर चिकटपट्टी.

नाकाला ऑक्सिजनची नळी, बोटाला ऑक्सिमीटर, दंडाला पट्टा. भूलतज्ज्ञांनी एक मिलिग्रॅम दिलं आणि दोन मिनिटं घड्याळाकडे बघत थांबले. काकू सुनेने काय डबा केलाय ते सांगत होत्या. आणखी एक मिलिग्रॅम, पुन्हा दोन मिनिटं. बोलणं संथ झालं. मग अर्धा. पापण्या अर्ध्यावर आल्या, शब्दांमध्ये अंतर पडलं. एकूण अडीच. तिथे थांबले.

मग माझी सुई. आधी हिरडीवर जेल, दोन मिनिटं. मग बधिर करणारं लिग्नोकेन दोन टक्के, अ‍ॅड्रिनॅलिनसह, सावकाश. पाच मिनिटांनी टोकदार प्रोबने हिरडी सगळ्या बाजूंनी दाबून पाहिली. "काकू, टोचतंय?" मान नकारार्थी हलली. आतल्या बाजूला दाबलं, तेव्हा डावा हात वर आला. अगदी थोडा, खुर्चीच्या हातापासून चार बोटं. गुंगीतही आला. मी प्रोब काढला, त्या जागी आणखी थोडी सुई दिली, पुन्हा थांबले. दुसऱ्यांदा हात वर आला नाही.

मुळं वेगळी करायला एअरोटर, म्हणजे वेगाने फिरणारं ड्रिल, लावला. दहाव्या मिनिटाच्या सुमाराला हनुवटी छातीकडे गेली आणि ऑक्सिमीटरचा सूर खाली उतरला: ९५, ९३, ९१. भूलतज्ज्ञांनी बोटांनी जबडा पुढे उचलला आणि म्हणाले, "काकू, मोठा श्वास घ्या बघू." घेतला. ९७. हे सगळं दहा-बारा सेकंदांत. पण त्या वेळी माझे दोन्ही हात तोंडात होते, एकात थुंकी ओढणारं सक्शन, दुसऱ्यात मूळ सैल करायचं एलिव्हेटर. त्यांच्या फीबद्दल मला पुन्हा कधी प्रश्न पडला नाही.

चाळीस मिनिटांत दोन्ही मुळं निघाली, आत साफ केलं, दोन टाके घातले. फ्लुमाझेनिल भरलेलं तसंच राहिलं.

सव्वा तास त्यांना आतल्या खोलीत ठेवलं. सूचना सुनेला सांगितल्या आणि लिहूनही दिल्या, कारण काकूंना आठवणार नव्हत्या: आज स्वयंपाक नाही, गॅसजवळ जायचं नाही, नातवाला एकट्याने सांभाळायचं नाही, कुठे सही करायची नाही, चाळीतल्या संडासापर्यंत जायचं तरी बरोबर कुणीतरी. दुखण्यावर पॅरासिटामॉल. मुलाने जिन्यात मागे राहून, एकेक मजल्यावर थांबत वर नेलं.

नंतर

टाके काढायला आल्या तेव्हा मी विचारलं, काय आठवतंय? "तुम्ही मलम काढलंत ते. मग घरी चहा." मधलं काहीच नाही. मिडॅझोलाम तेवढ्या वेळची आठवण बनू देत नाही. रुग्णाला हे वरदान वाटतं, नातेवाइकांना जादू वाटते.

मला यात अडचण दिसली. त्यांनी हात वर केला होता आणि मी थांबले होते. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणी थांबलं होतं, आणि तेच त्यांना आठवत नव्हतं. मी सांगितलं तर म्हणाल्या, "तुम्ही सांगताय म्हणजे असेल." ऐकीव गोष्टीने भीती हलत नाही. उजव्या दाढेचं रूट कॅनलही अडीच मिलिग्रॅमवर केलं असतं तर दाढ वाचली असती आणि काकू जिथल्या तिथे राहिल्या असत्या. पुढच्या वेळी पुन्हा भूलतज्ज्ञ, पुन्हा फी, पुन्हा उपास, आणि ते जमलं नाही की पुन्हा दुकानातलं अँटिबायोटिक.

म्हणून उजव्या दाढेसाठी गुंगी नको, असं मी सुचवलं. त्या दाढेची नस आधीच मेलेली होती, तेव्हा दुखण्याची शक्यताही कमी होती. काकू आठवडाभर विचार करून हो म्हणाल्या, एका अटीवर: पहिल्या दिवशी फक्त सुई आणि रबर डॅम (दाढेभोवती ताणून बसवायचा रबराचा पातळ पडदा), ड्रिल नाही. मी ती अट मान्य केली. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं. दुसऱ्या दिवशी एअरोटर आधी हवेत फिरवून आवाज ऐकवला, मग नखावर पाण्याचा फवारा, मग दाढेला. त्या बैठकीत त्यांनी चार वेळा हात वर केला. दुखलं म्हणून एकदाच. बाकी तीन वेळा मी खरंच थांबते का, ते बघायला. असं त्यांनी स्वतःच कबूल केलं. त्या दिवशी रक्तदाब १४४/८८ होता.

आमच्या फॉर्मवर आता 'चालू औषधे' हे शब्द नाहीत. त्या जागी लिहिलं आहे: 'गेल्या दोन महिन्यांत पोटात घेतलेली कुठलीही गोळी: खाजेची, झोपेची, गुडघ्याची, आयुर्वेदिक, दुसऱ्या कुणी दिलेली.' आणि फॉर्म कितीही नीट भरलेला असला तरी तो हातात घेऊन मी पुन्हा तोंडी विचारते.

काकूंची बी-१२ ची इंजेक्शनं सुरू आहेत, मुंग्या थोड्या कमी आहेत. घोरण्याची तपासणी अजून व्हायची आहे. उजव्या दाढेवर कॅप बसवायची बाकी आहे. माप घ्यायला बोलावलं तर म्हणाल्या, "गणपतीत आमच्याकडून बाहेर पडता यायचं नाही हो डॉक्टर, लालबागचा रस्ता तुम्हाला माहीत आहे. विसर्जन झालं की येते. एकटीच येईन, बसने."